वाऱ्यावरची शिकवणी : स्कायडायव्हर बोगद्यात नेमकं काय शिकतात?

विमानातून साधारण ४,००० मीटर उंचीवर बाहेर पडायचं आणि १,५०० मीटरच्या आसपास पॅराशूट उघडायचं. मधल्या मोकळ्या पडण्याला, म्हणजे फ्रीफॉलला, जेमतेम पन्नास सेकंद मिळतात. शंभर उड्या झालेल्या माणसाला कुणी अगदी नवखा म्हणत नाही, पण त्या शंभर उड्यांमधले फ्रीफॉलचे सेकंद एकापुढे एक ठेवले तर दीड तासही भरत नाही. तोही सलग नाही, वर्ष-दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळालेला. एवढ्या रियाजावर गायकाला कुणी मैफलीत बसवणार नाही. आकाशात मात्र एवढ्याच सरावावर ताशी दोनशे किलोमीटर वेगाने, दुसऱ्या माणसापासून हातभर अंतरावर उडायचं असतं.

उभ्या वाऱ्याचा बोगदा, म्हणजे व्हर्टिकल विंड टनेल, या हिशोबावरचा तोडगा आहे. तासभर टनेलमध्ये उडणं म्हणजे सत्तरेक उड्यांचा फ्रीफॉल. विमानाची वाट पाहणं नाही, ढग नाहीत, पॅराशूटची घडी घालत बसणं नाही. हे सगळे फायदे खरे असले, तरी माझ्या मते टनेलची मोठी देणगी मिनिटं ही नव्हे. आकाशात तुमची चूक तुम्हाला दिसत नाही, टनेलमध्ये ती लपवता येत नाही. शिकवणं शक्य होतं ते त्यामुळे. कसं, ते पाहू.

आधी मूळ शंका. जमिनीपासून चार हात वर तरंगणाऱ्या माणसाला ‘पडण्याचा’ सराव कसा होईल? तो फक्त तरंगतोय ना?

हवेला कोण हलतंय याच्याशी देणंघेणं नसतं. माणूस स्थिर हवेतून ताशी १९० किलोमीटर वेगाने खाली आला काय, किंवा माणूस जागच्या जागी राहून त्याच वेगाची हवा खालून वर गेली काय, त्याच्या छातीवर, मांड्यांवर, तळहातांवर बसणारा दाब सारखाच असतो. आकाशात उडी मारल्यावर पहिले दहा-बारा सेकंद वेग वाढत जातो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो आणि एका क्षणी तो वजनाइतका होतो. तिथून पुढे वेग वाढत नाही. पोटावर आडवं पडलेल्या माणसासाठी हा अंतिम वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या टप्प्यावर स्कायडायव्हर वजनरहित नसतो, त्याचं सगळं वजन हवेने उचललेलं असतं. म्हणूनच अनुभवी लोक सांगतात की फ्रीफॉलमध्ये पोटात गोळा येत नाही, जोरकस पण भरवशाच्या वाऱ्यावर झोपल्यासारखं वाटतं. टनेल सुरुवातीचे वेग वाढण्याचे सेकंद गाळतो आणि थेट या झोपण्यापासून सुरुवात करतो.

ही कल्पना माणसांच्या हौसेसाठी जन्मलेली नाही. गिरक्या खात खाली येणारं विमान कसं सावरायचं हे अभ्यासण्यासाठी अमेरिकेत लँगली इथे १९४१ मध्ये वीस फूट रुंदीचा उभा टनेल सुरू झाला. त्यात विमानाची छोटी प्रतिकृती वरच्या दिशेने वाहणाऱ्या हवेत सोडायची, म्हणजे ती ‘पडत’ राहते पण समोरच राहते आणि निवांत निरीक्षण करता येतं. माणूस अशा टनेलमध्ये पहिल्यांदा उडाला तो १९६४ मध्ये, ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर. जॅक टिफनी हे त्याचं नाव. पुढे कॅनडातल्या जाँ सँ-जर्मँ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना पैसे देऊन उडता येईल असा टनेल आणला, आणि १९९८ मध्ये ऑरलँडोत सुरू झालेल्या स्कायव्हेंचरपासून आजच्या काचेच्या भिंतींच्या टनेलांची पिढी सुरू झाली. ब्रिटनमध्ये बेडफर्डला तर विमानांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या जुन्या टनेलमध्येच आज माणसं उडतात.

यंत्राचा आकार समजला की बाकीचं बरंच उलगडतं. सहसा पंखे वरच्या बाजूला असतात. ते हवा वर खेचतात, ती बाजूच्या उभ्या नळकांड्यांतून खाली येते, कोपऱ्यांतल्या वक्र पात्यांवरून वळते आणि उडण्याच्या खोलीच्या खाली येऊन पोचते. तिथे वाट अरुंद होत जाते. तेवढीच हवा कमी जागेतून जायची तर तिला वेग वाढवावाच लागतो, म्हणून सगळ्यात वेगवान वारा खोलीच्या तळाशी, जाळीच्या आसपास मिळतो. खोलीच्या वर वाट पुन्हा रुंद होते आणि वारा मंदावतो. या रचनेत एक सुरक्षिततेची सोय आपोआप येते. उडणारा चुकून फार वर गेला तर त्याला पेलायला पुरेसा वारा नसतो, तो थोडा खाली येतो. वीज गेली तरी पंखे गपकन थांबत नाहीत, गतीने फिरत फिरत मंदावतात. शेवटी खाली पोलादी तारांची ताणलेली, थोडी लवचीक जाळी असतेच.

ताकदीचा अंदाज हवा असेल तर हिशोब सोपा आहे. खोलीचा व्यास ४.३ मीटर आणि वारा सेकंदाला ५५ मीटर धरा. दर सेकंदाला सुमारे ८०० घनमीटर हवा त्या खोलीतून जाते, तिचं वजन जवळजवळ एक टन भरतं. आणि वेग वाढवणं महागात पडतं. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, पण लागणारी शक्ती घनाच्या पटीत. पोटावर उडणाऱ्यासाठी ५५ मीटर आणि डोकं खाली करून उडणाऱ्यासाठी ७५ मीटर वारा धरला, तर दुसऱ्यासाठी जवळजवळ अडीचपट शक्ती लागते. बंद वर्तुळात तीच हवा फिरवत राहिलं की ही शक्ती बरीच वाचते. पण पंख्यांनी ओतलेली ऊर्जा अखेर उष्णतेतच बदलते, म्हणून अशा टनेलांना हवा थंड करण्याची सोय करावी लागते.

आता शरीराकडे. ऐंशी किलोच्या माणसाला पोटावर पडल्यावर हवा पेलते ती त्याच्या पसरलेल्या आकारामुळे. तोच माणूस डोकं खाली करून सरळ झाला की हवेला अडवणारा आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि तरंगत राहायला ताशी २५० किलोमीटरच्या पुढचा वारा लागतो. सुकाणू, लिव्हर, पेडल काहीच नसताना उडणं शक्य होतं ते एवढ्याच तत्त्वावर : आकार बदला, वेग बदलेल. हवा ज्या बाजूला ढकलाल, त्याच्या उलट बाजूला तुम्ही जाल.

पोटावर असताना कंबर पुढे ढकलून शरीराची कमान केली की पडण्याचा वेग वाढतो, छाती-पोट थोडं आत घेऊन सपाट झालं की कमी होतो. पाय सरळ केले की पुढे सरकतो, गुडघे दुमडून हात पुढे केले की मागे. उजवा हात किंचित खाली दाबून डावा उचलला की उजवीकडे वळतो. हे एका परिच्छेदात वाचायला अर्धं मिनिट लागतं. अंगात मुरायला फार वेळ लागतो, कारण हे सगळे बदल दोन-चार सेंटिमीटरचे असतात आणि नवख्याला आपले पाय कुठे आहेत हेच ठाऊक नसतं.

ही अतिशयोक्ती नाही. हात डोळ्यांसमोर असतात, पाय मागे. विद्यार्थ्याला शंभर टक्के खात्री असते की दोन्ही पाय सारखे आहेत, आणि प्रत्यक्षात एक गुडघा खाली लोंबलेला असतो. परिणाम : नको असताना गरगर वळणं. आकाशात याचं काय होतं? विद्यार्थी वळू लागतो, घाबरतो, हातांनी उलट वळायचा प्रयत्न करतो, अंग ताठ होतं, वळणं वाढतं. प्रशिक्षक बाजूला असला तरी तेवढ्यात पॅराशूट उघडायची उंची येते. जमिनीवर आल्यावर विद्यार्थ्याच्या आठवणीत असतो फक्त गोंधळ. टनेलमध्ये हेच वीस सेकंदांत दिसतं. कोच त्या पायाला हाताने धरून जागेवर नेतो, वळणं थांबतं, आणि ‘असं असतं होय सरळ’ हे शरीराला कळतं. हे आकाशात शिकवायला निम्मा अभ्यासक्रम खर्ची पडला असता.

कोच काम कसं करतो हा विषय मला यंत्रापेक्षा जास्त रंजक वाटतो. आत बोलून उपयोग नाही, वाऱ्याच्या घोंगावण्यापुढे काही ऐकू येत नाही आणि कानात बोळे असतात. म्हणून हातांच्या खुणा. दोन बोटं सरळ : पाय लांब कर. दोन बोटं वाकडी : गुडघे दुमड. एक बोट वर : हनुवटी उचल. आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी खूण, अंगठा आणि करंगळी ताठ करून हात हलवणं : सैल सोड. ठिकाणोठिकाणी खुणांत थोडा फरक असतो, म्हणून आत जाण्याआधी त्यांची उजळणी होते. हनुवटीच्या खुणेमागे कारण आहे. माणूस घाबरला की खाली जाळीकडे बघतो, मान वाकली की पाठीची कमान जाते, कमान गेली की स्थिरता जाते. नजर वर ठेवली की अर्धी कमान आपोआप येते.

एका दमात फार वेळ उडत नाहीत. दीड-दोन मिनिटांची एक फेरी, मग दुसऱ्याची पाळी, मग पुन्हा आपण. कारण दमणूक, विशेषतः खांद्यांची आणि पाठीची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोक्याची. बाहेर बसलेल्या त्या दोन मिनिटांत खरं शिकणं होतं. टनेलमध्ये कॅमेरे लागलेले असतात, फेरीचं चित्रण लगेच बघता येतं, आणि ‘मी तर पाय सरळच ठेवले होते’ हा वाद तिथेच मिटतो. चांगला कोच या वेळी मोह आवरतो. त्याला सात चुका दिसलेल्या असतात, तो एकच सांगतो. कोणती सांगायची हे ओळखणं हे त्याचं कौशल्य. हात हलतायत, मान वाकलीय, पाय लोंबलाय, श्वास रोखलाय यांत मूळ बहुधा श्वासच असतो. तो सुटला की बाकीच्या तीन गोष्टी निम्म्या सुधारतात. पुढच्या फेरीत सातही चुका सुधारायला निघालेला विद्यार्थी एकही सुधारत नाही.

काचेपलीकडे आणखी एक माणूस बसलेला असतो, वाऱ्याचा वेग हाताळणारा. त्याला ड्रायव्हरच म्हणतात. त्याच्याकडे बघणाऱ्यांचं लक्ष फारसं जात नाही, पण कोचच्या एका इशाऱ्यावर वारा किंचित वाढवून विद्यार्थ्याला जाळीवरून उचलणं, किंवा काही बिघडतंय असं दिसताच वारा उतरवणं, हे त्याचं काम. दोघांचं जमलं नाही तर शिकवणी जमत नाही.

शिकण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे. आधी पोटावर, मग पाठीवर, मग बसल्या स्थितीत, आणि त्यानंतर डोकं खाली. पाठीवर उडणं अनेकांना बिनमहत्त्वाचं वाटतं, कारण दिसायला ते साधं दिसतं. पण बसल्या किंवा उलट्या स्थितीतून तोल गेला की सुटकेची जागा तीच असते. पाठ पक्की नसलेल्याला पुढे ढकलणारा कोच त्याचं भलं करत नाही. जागतिक पातळीवर इंटरनॅशनल बॉडीफ्लाइट असोसिएशनने या कौशल्यांच्या पायऱ्या आखल्या आहेत. एक पायरी प्रशिक्षकासमोर करून दाखवली की नोंद होते आणि मग पुढची.

डोकं खाली करून उडण्यात एक धोका आहे, जो समजून घेण्यासारखा आहे, कारण टनेल आणि आकाश यांच्यातलं नातं त्यात स्वच्छ दिसतं. ताशी २७० किलोमीटरच्या वाऱ्यात उलटा उभा असलेला माणूस तोल जाऊन पोटावर आडवा झाला, तर त्याचा आकार एका क्षणात दुप्पट होतो. वारा मात्र तोच. मग तो गोळीसारखा वर फेकला जातो. टनेलमध्ये कोच अशा वेळी त्याला धरतो आणि ड्रायव्हर वारा कमी करतो. आकाशात हीच चूक वेगळी दिसते : आडवा झालेला माणूस एकदम मंदावतो, आणि त्याच्या डोक्यावर असलेले साथीदार अजूनही २७० नेच येत असतात. धडक कुणाची कुणाशी होणार, हे सांगायला नको. म्हणून हा प्रकार आधी टनेलमध्ये शिकावा असं बहुतेक जाणते सांगतात.

गटाने उडणाऱ्यांसाठी तर टनेल ही तालीमखोलीच झाली आहे. चौघांच्या फॉर्मेशन स्पर्धेत, म्हणजे हवेत एकमेकांना धरून ठरलेल्या आकृत्या करण्याच्या स्पर्धेत, १६ साध्या रचना आणि २२ ‘ब्लॉक’ (दोन रचना आणि त्यांच्या मधली ठरलेली हालचाल) असतात. चिठ्ठी काढून त्यातला क्रम ठरतो आणि ३५ सेकंदांत जास्तीत जास्त रचना बिनचूक पूर्ण करायच्या असतात. पकड सुटायची कधी, नजर कुणाकडे, कोण कुणाभोवती फिरणार, हे सेकंदाच्या अंशांवर बसवायला आकाशातल्या उड्या पुरणार नाहीत. त्यातही शिकण्याची एक गोष्ट अशी की कुणाच्या थेट वर जायचं नाही. खालच्या माणसाने हवा अडवलेली असते, त्याच्या पाठीवर विस्कटलेल्या हवेचा खड्डा असतो, आणि त्यात सापडलेला माणूस सरळ त्याच्यावर कोसळतो. स्कायडायव्हर याला बर्बल म्हणतात.

एवढं कौतुक झाल्यावर, टनेल काय शिकवत नाही तेही सांगायला हवं. त्यावर लोक कमी बोलतात.

टनेल विमानाच्या दारातून बाहेर पडणं शिकवत नाही. बाहेर पडल्या क्षणी वारा खालून नसतो, विमानाच्या वेगामुळे समोरून असतो, आणि तो हळूहळू खालून येऊ लागतो. टनेल उंचीचं भान शिकवत नाही. मनगटावरच्या उंचीमापकाकडे बघण्याची सवय तिथे लावून घेता येते, चांगले कोच मुद्दाम ती लावतातही, पण काही मिनिटं उडूनही जमीन जवळ न येण्याची सवय त्याच वेळी शरीराला लागत असते. पॅराशूट उघडणारं हँडल ओढण्याची हालचाल, म्हणजे एक हात मागे कंबरेकडे नेताना दुसरा डोक्यावर नेऊन तोल राखणं, टनेलमध्ये छान घोटता येते. पण पाठीवर पॅराशूटचं ओझं नसतं. पॅराशूट उघडल्यानंतरचं सगळं, म्हणजे दिशा, इतरांपासूनचं अंतर, वाऱ्याचा अंदाज, उतरणं, यातलं काहीच तिथे नाही. आणि स्कायडायव्हिंगमधले कितीतरी गंभीर अपघात उघडलेल्या, धडधाकट पॅराशूटखाली, उतरताना होतात.

आणखी एक गोष्ट टनेलच्या भिंतींमुळे शक्य नाही : लांब जाणं. आकाशात पॅराशूट उघडण्याआधी सगळ्यांनी एकमेकांपासून दूर पळायचं असतं. शरीर सपाट, हात मागे, पाय लांब करून हवेवरून घसरत जायचं. याला ट्रॅकिंग म्हणतात आणि जीव वाचवणाऱ्या कौशल्यांत ते वरच्या रांगेत आहे. चार मीटर रुंदीच्या खोलीत ते कसं शिकणार? त्यामुळे टनेलमध्ये शंभर तास काढलेला, पण आकाशात मोजक्या उड्या असलेला माणूस हा काहीसा फसवा प्रकार असतो. जवळ येणं त्याला सुरेख जमतं, लांब जाणं जमतंच असं नाही. मोठ्या गटात त्याला घेताना समंजस आयोजक त्याचे टनेलचे तास विचारतात आणि उड्यांची संख्याही विचारतात, आणि निर्णय दुसऱ्या आकड्यावर घेतात. मला ते योग्य वाटतं.

दरम्यान, टनेलने स्वतःचं वेगळं राज्यही उभं केलं आहे. २०१४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला इनडोअर स्कायडायव्हिंगचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि २०१५ मध्ये प्रागला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. त्यात उतरणाऱ्या काही मुलामुलींनी विमानातून कधी उडीच मारलेली नसते, काहींचं तर अजून तेवढं वयही नसतं. संगीतावर एकट्याने उडण्याच्या फ्रीस्टाइल प्रकारात सिंगापूरच्या कायरा पोहसारखी नावं लहान वयात पुढे आली. या मुलांना टनेल ही कशाचीच तयारी वाटत नाही. जुन्या स्कायडायव्हरांना याचा थोडा राग येतो. तो राग मला फारसा पटत नाही, पण समजतो.

उडी शिकण्याआधी टनेलला जायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. आधी निखळलेला खांदा असेल तर सांगा. पसरलेल्या हातावर वारा जोराने येतो आणि खांद्याच्या दुखापती टनेलमध्ये नवलाच्या नाहीत. गरोदर असाल तर जाऊ नका. वजनाची मर्यादा ठिकाणानुसार असते, ती आधी विचारून घ्या. सगळी मिनिटं एकाच दिवशी संपवू नका. दहा मिनिटांनंतर थकलेलं अंग चुकाच घोटत बसतं, त्यापेक्षा तीच मिनिटं दोन-तीन दिवसांत वाटली तर मधल्या झोपेतही काही मुरतं. आणि कोचला आत जाण्याआधी सांगा की तुम्हाला आकाशात उडी मारायची आहे. मग तो नुसत्या गिरक्या शिकवणार नाही. स्थिर थांबणं, दिशा धरून ठेवणं, उंचीमापकाकडे बघणं, हँडल ओढायची हालचाल आणि त्यानंतर पुन्हा स्थिर होणं, एवढंच घेईल. बघणाऱ्यांना ते कंटाळवाणं दिसेल. तुमच्या आधीच्या माणसाने पंधरा फूट वर जाऊन टाळ्या मिळवल्या असतील, आणि तुम्ही जाळीच्या वर कंबरभर उंचीवर, न हलता, दोन मिनिटं नुसते थांबलेले असाल. तुमच्या पहिल्या उडीला कामाचं आहे ते तेच.